सवलत मागायची नाही

३० मार्च, गुढीपाडवा

फ्लेक्स लागला. लवूने शब्द पाळला. चाळीच्या गेटवर, मंडळाच्या बोर्डाच्या बरोबर वरती. ‘कु. अक्षदा दीपक घाडी, भारतीय सैन्यात अधिकारी प्रशिक्षणासाठी निवड, आमच्या चाळीची वाघीण.’ फोटो एनसीसीच्या गणवेशातला. खाली कोपऱ्यात मंडळाचा अध्यक्ष म्हणून लवू स्वतः हात जोडून. त्याचा फोटो अक्षूच्या फोटोपेक्षा जेमतेम लहान आहे. चालायचंच.

अक्षू वैतागली. म्हणाली, पप्पा, अजून मी गेले पण नाही. मी म्हटलं, तिसऱ्या प्रयत्नात का होईना, मुलाखत काढलीस ना? मग लागू दे. परळपासून लालबागपर्यंत लोकांना कळू दे.

शाळेत मी मुलांना बावीस वर्षं सांगतोय की खेळाडूने डायरी लिहावी. स्वतः कधी लिहिली नाही. शाळेने शिक्षकांना वाटलेली यंदाची डायरी कोरी पडली होती, तीच घेतली. पहिले तीन महिने कोरे जातील. जाऊ देत.

कुलाब्याच्या भरतीतून मला दोनदा परत पाठवलं होतं, पाय सपाट म्हणून. तेव्हा फार लागलं होतं मनाला. आज काही वाटत नाही.

५ एप्रिल

कुर्ला टर्मिनसला सोडून आलो. चेन्नईची गाडी अर्धा तास उशिरा सुटली, तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून घेतलं. तोफखाना मुलींना उघडला त्याला दोन वर्षं झाली. पायदळ बंद आहे, रणगाडे बंद आहेत. जे बंद आहे ते उघडायचं असेल तर उघडलेल्या जागी गेलेल्या मुलीने कमी पडून चालत नाही. दहा मुलगे गळाले तर दहाच गळतात. एक मुलगी गळाली की सगळ्या मुली गळतात. तेव्हा मुलगी म्हणून सवलत मागायची नाही. कुठेच नाही.

‘नाही मागणार,’ ती म्हणाली. तिला हे सांगावंही लागत नाही. तोफखान्यात गेलेल्या पहिल्या मुलींचा फोटो पेपरात आला तेव्हा ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, गणित घेऊन. तो फोटो बघून म्हणाली होती, अंतर, कोन, वारा, सगळं गणितच आहे की हे. तेव्हापासून दुसरं नाव नाही.

आमची ही, रंजना, डब्यांच्या पिशव्या मोजत उभी होती. रडली नाही, पण गाडी हलताना मालवणीवर आली. म्हणाली, ‘येळार जेव गो. आणि काय दुखला-खुपला तर माका सांग.’ पोर सैन्यात चाललीय आणि आईचं हे.

२० एप्रिल

रविवार. पहिला नीट फोन. ओरडून ओरडून आवाज बसलाय. केस कापले. झोप नाही, पाय सुजलेत, आणि तरी हसत होती. शेजारच्या पलंगावर दीपिका म्हणून अमरावतीची मुलगी आहे, दोघींचं जमलंय. काल धावण्यात मुलींत पहिली आली. मुलांतलेही निम्मे मागे टाकले म्हणे.

सोमवारी प्रार्थनेनंतर शाळेत हे सांगणार आहे.

१५ जून

शाळा सुरू होतेय, त्याच्या तयारीत होतो, तेवढ्यात फोन. बोलता बोलता म्हणाली, पप्पा, धावताना उजव्या जांघेत कळ येते. थांबलं की थांबते. तिथल्या डॉक्टरांना दाखवू का, दोन दिवस विश्रांती मिळेल.

मी म्हटलं, तू ठरव. तू आता लहान नाहीस. फक्त एवढं बघ की पहिल्याच टर्ममध्ये आजारी मुलींच्या यादीत नाव लागतंय. शरीर आळशी असतं, ते कुरकुर करणारच, त्याला सवय लावायची असते. नीट वॉर्मअप कर, झोपताना बर्फ लाव.

मग म्हणाली, ‘बरोबर आहे, ठीक आहे.’ आणि विषय बदलला. एका वाक्यात समजून घेणारी पोर आहे. शाळेत अशी चार मुलं मिळाली असती तर राज्य पातळीवर गेलो असतो.

३ ऑगस्ट

पाठीवर ओझं आणि हातात रायफल घेऊन लांबची धाव होती. वेळेत आली. दीपिका मागे राहिली होती, तिची रायफल शेवटी अक्षूने उचलली म्हणे. मी विचारलं, जांघ? म्हणाली, सवय झाली.

नंतर हिने फोन घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. अर्धा तास. पाणी प्यायला गेलो तर कानावर आलं, ‘किती महिने नाही आली?’ बायकांचं काही दिसलं, मी गॅलरीत येऊन उभा राहिलो.

जेवताना हिने एकदम विचारलं, हाड दुखतं ते कसं ओळखायचं, आणि स्नायू दुखतो ते कसं? गुडघे धरले असतील हिचे, चार मजले चढ-उतार करून. मी म्हटलं, कॅल्शियमच्या गोळ्या घे. 

४ ऑगस्ट

आज हिने गोळ्यांच्या दोन बाटल्या आणल्या आणि दोन्ही कुरिअरने चेन्नईला पाठवल्या. स्वतःला एक ठेवायची तर तेही नाही.

३१ ऑगस्ट

गणपतीत अक्षू नाही असं पहिल्यांदाच झालं. मंडपात रोज कोणी ना कोणी विचारतं. आज लवूशी वाजलं. तो म्हणतो, दीपक, पोरींनी डॉक्टर व्हावं, विमानं उडवावीत, पण गोळा फुटतो तिथे कशाला? पकडली गेली तर काय? मी म्हटलं, मुलगा पकडला गेला तर शत्रू त्याला पुरणपोळी वाढतो का? सगळे हसले. लवू हसला नाही. म्हणाला, तिचा फ्लेक्स मीच लावलाय रे, मला काय तिचं वाईट व्हायला हवंय?

त्याला समजायला अजून दहा वर्षं लागतील.

२८ सप्टेंबर

अक्षू आली! टर्म संपल्याची सुट्टी, जवळजवळ तीन आठवडे.

प्लॅटफॉर्मवर हार घेऊन गेलो होतो, लवू आणि मंडळाची पोरंही होती. डबा रिकामा झाला तरी अक्षूचा पत्ता नाही. मला वाटलं चुकीच्या डब्यापाशी उभे आहोत. शेवटी एकदाची दारात आली, दांड्याला धरून सावकाश उतरली. काळी पडलीय, गाल बसलेत, पण डोळे तेच. पोरांनी घोषणा दिल्या. तिने सगळ्यांना हसून नमस्कार केला.

चालण्यात थोडा फरक वाटला, उजव्या पायावर कमी भार टाकते. रात्रभराच्या प्रवासाने अवघडली असणार. चाळीचे जिने एकेक पायरी करत चढली, कठड्याला धरून. हिने खांद्यावरची बॅग ओढूनच घेतली. मी म्हटलं, अगं, पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढते ती. तर ही माझ्या अंगावर आली, ‘माझी पोर आसा, मी घेतंय.’

२९ सप्टेंबर

बेत ठरवला. तीन आठवडे नुसते लोळण्यात गेले तर तिकडे गेल्यावर दम लागेल. रोज सकाळी नरे पार्कला, मी शिट्टी आणि घड्याळ घेऊन. पहिले तीन दिवस हलकं, मग ओझं घेऊन. अक्षूने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, ‘चालेल पप्पा.’

ही म्हणाली, पोरीला झोपू देत जरा. मी म्हटलं, झोपायला आयुष्य आहे.

३० सप्टेंबर

पहाटे उठून बघतो तर अक्षूचे बूट गॅलरीत ओलेचिंब. हिने काल संध्याकाळी साबण लावून धुवून ठेवले. म्हणे फार मळले होते. सैन्यातले बूट, मळणारच. चिडलो मी. आज नुसतं मैदानाला दोन फेऱ्या चालवलं तिला चपलेवर.

हिचं हल्ली काय चाललंय कळत नाही. आम्ही परत आल्यावर म्हणते, छातीत धडधडतंय, डॉक्टरकडे नेता का आत्ताच. नेलं. काही निघालं नाही. सकाळ गेली.

१ ऑक्टोबर

बूट अजून दमट. दादरला जाऊन नवीन घेऊन आलो, चांगले, धावायचे. अक्षूने घालून बघितले. ‘छान आहेत,’ म्हणाली. ही न बोलता आत गेली आणि भांडी घासायला लागली, घासलेलीच.

२ ऑक्टोबर, दसरा

शिट्टी आणि स्टॉपवॉचला फूल वाहिलं. पार्कात गर्दी नव्हती. दुसऱ्या फेरीतच तिचा वेग पडला. रेलिंगला धरून उभी राहिली, तोंड पांढरं. म्हणाली, ‘पप्पा, थांबूया?’ मी म्हटलं, एकच राहिलीय, ती झाली की थांबू. अधिकारी शेवटच्या फेरीतच तयार होतो.

पूर्ण केली तिने. मी टाळ्या वाजवल्या. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांनीही वाजवल्या.

५ ऑक्टोबर

पाठीवरच्या बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरल्या होत्या. फार नाही. वळणापाशी आवाज आला. मला वाटलं झाडाची फांदी. वर बघितलं मी. मग खाली बघितलं तर ती पडलेली.

ओरडली नाही. बाही दातांत धरली होती.

मी म्हटलं, ऊठ.

६ ऑक्टोबर

परळच्याच इस्पितळात आहोत. मांडीचं हाड खुब्यात ज्या मानेवर बसतं ती मान आरपार तुटली आणि सरकली. डॉक्टरीणबाई वयाने अक्षूपेक्षा फार मोठ्या नसतील. एक्स-रे दाखवत म्हणाल्या, चीर जुनी आहे, आत्ता मोडली. मग म्हणाल्या, चेन्नईला एमआरआय झालाय ना, सहा आठवडे पायावर भार टाकायचा नाही असं सांगितलं होतं ना?

मी ‘नाही’ म्हणणार तेवढ्यात ही म्हणाली, ‘हो.’

मला कोणी काही सांगितलं नव्हतं. तसं मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी हिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सहीसाठी कागद पुढे केला.

बाहेर पॅसेजमध्ये हिला विचारलं. म्हणाली, कुबड्या दिल्या होत्या तिला तिथल्या डॉक्टरांनी. ‘गाडीतच सोडून उतरली. म्हणाली, पप्पा हार घेऊन उभे असतील.’

मी विचारलं, मग तू मला का नाही सांगितलंस? ही म्हणाली, तिने शपथ घातली होती. जराशाने म्हणाली, ‘आणि सांगून काय केलं असतंत तुम्ही?’

मी सांगितलं असतं का थांब म्हणून? सांगितलंच असतं. अर्थात सांगितलं असतं.

१२ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं, आत स्क्रू घातलेत. आज घरी आणली. चार मजले, लिफ्ट नाही. मंडळाच्या चौघा पोरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. ह्याच पोरांनी दोन आठवड्यांपूर्वी घोषणा दिल्या होत्या. प्रत्येक मजल्यावर लोक दाराशी उभे. अक्षूने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं दुखतंय म्हणून.

गेटवरचा फ्लेक्स नव्हता. लवूने कोणाला न विचारता सकाळीच उतरवला होता.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. अकादमीतून फोन होता. चांगली माणसं आहेत. पुढच्या तुकडीत घ्यायला हरकत नाही म्हणाले, फक्त मेडिकल बोर्डाने तंदुरुस्त म्हणायला हवं.

म्हणजे संपलेलं नाही. मी रात्रीत तक्ता तयार केला. पहिला महिना पलंगावरचे व्यायाम, दुसरा महिना कुबड्या, मग पाण्यात चालणं, मार्चपर्यंत धावणं. तिच्या उशाशी भिंतीवर चिकटवला. तिने वाचला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि भिंतीकडे पाठ केली.

२४ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडाच्या गोळ्याला रक्त नीट पोचत नाहीये. हाड सरकलं की तिथल्या रक्तवाहिन्या तुटतात, मग आतून हाड मरू शकतं. पुढे कधीतरी खुबाच बदलावा लागेल. चोवीस वर्षांची आहे, म्हणून जितकं लांबवता येईल तितकं लांबवू.

मी विचारलं, धावण्याला किती वेळ लागेल?

त्या म्हणाल्या, घाडी सर, मी चालण्याबद्दल बोलतेय.

त्यांनी अक्षूला पाळीबद्दल विचारलं. ती म्हणाली, मे महिन्यापासून नव्हती. त्या म्हणाल्या, इतका व्यायाम, इतकं कमी खाणं, पाळी बंद, हाडावर ताण, हे सगळं एकच दुखणं असतं, लवकर कळलं तर साधं असतं. मी खिडकीबाहेर बघत होतो. पी.टी. शिकवून बावीस वर्षं झाली, शाळेत निम्म्या मुली. मला हे माहीत नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत

कुलाब्याला बोर्ड झाला होता त्याचा निकाल आला. कायमची अपात्र.

मी घरी येताना अपील कसं करायचं ते एकाला विचारून आलो होतो. सांगायला लागलो. लढल्याशिवाय सोडायचं नाही, दुसरं मत घेऊ, पुण्याला जाऊ. अक्षू पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिने मला पूर्ण बोलू दिलं.

‘अपील करायचं नाही, पप्पा.’

मी म्हटलं, असं हातपाय गाळून कसं चालेल? इतकी वर्षं तोफखाना, तोफखाना केलंस.

‘केलं ना. मला हवाच होता तोफखाना. तुमच्यासाठी नव्हते गेले मी.’ आवाज अजिबात चढला नव्हता तिचा. ‘सहा आठवडे गुपचूप पडून राहिले असते तर एक टर्म मागे पडले असते, एवढंच. या सप्टेंबरला अधिकारी होऊन बाहेर पडले असते. तिथल्या डॉक्टरांनी अगदी असंच सांगितलं होतं.’

‘मग मला का नाही सांगितलंस?’

‘जूनमध्ये सांगितलं होतं.’

मला आठवेना. मग आठवलं.

ही तिळगूळ वळत होती. हात थांबले नाहीत तिचे. मी म्हटलं, मी तुला ठरव म्हटलं होतं, थांबू नको असं नव्हतो म्हणालो. अक्षू म्हणाली, ‘नव्हता म्हणालात. खरं आहे.’ आणि पलीकडे सरकून झोपली.

मी खरंच तसं म्हणालो नव्हतो.

१५ जानेवारी

शाळेत गेलो नाही.

१ फेब्रुवारी

लवू आला होता, घरचे वडे आणि सागोती घेऊन. जेवता जेवता चांगुलपणाने म्हणाला, जाऊ दे गो बाय, पोरींचीं हाडां ती, देवान नाजूक दिल्यान, त्याका कोण काय करतला.

मी बोलणार होतो, सगळे मुद्दे माझ्याकडे तयार होते. त्याआधी अक्षूच बोलली.

‘काका, तिकडे माझ्या तुकडीत दोन मुलांचीही हाडं अशीच तडकली होती. त्यांनी पहिल्या आठवड्यात सांगितलं, थांबले, आता धावतायत. मुलींना जास्त जपायला लागतं, तेही खरंय, आणि तेवढं केलं की झालं. माझं मोडलं ते मुलगी म्हणून नाही. मी बोलले नाही म्हणून. मला वाटायचं, मी बोलले की सगळ्या मुलींचं नाव जाईल.’

लवूने मान खाली घातली. म्हणाला, माझा चुकला.

ती लवूकडे बघून बोलत होती, माझ्याकडे नाही. मी ताटावरून उठून गॅलरीत आलो. समोर गिरणीच्या जागेवरच्या टॉवरात दिवे लागत होते. एकेक मजला लागेपर्यंत तिथेच उभा होतो.

११ फेब्रुवारी

प्रार्थनेच्या वेळी पाचवीतल्या एकाने विचारलं, सर, ताई तोफ कधी उडवणार? बाकीच्या मुलांनी त्याला चिमटा काढला. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

आठवीच्या तासाला एक मुलगी म्हणाली, सर, पोटात दुखतंय, बसू का? मी बस म्हटलं. मग दुसरी म्हणाली, तिलाही बस म्हटलं. होता होता सगळा वर्ग बसला, अर्धे उगाच. मी कोणालाच उठवलं नाही. तास संपेपर्यंत शिट्टी हातात धरून उभा होतो. मुख्याध्यापिका वरून बघत होत्या.

२२ फेब्रुवारी

अक्षू काठी घेऊन खाली गेली आणि एकटी वर आली. तिसऱ्या मजल्यावर बराच वेळ थांबली. मी वरून ऐकत होतो. खाली जाऊन हात द्यावा की तिला एकटीने येऊ द्यावं, यांतलं कोणतं चुकेल ते मला ठरवता येईना. ठरेपर्यंत ती वर आली होती.

एका क्लासमध्ये गणित शिकवायला जाणार आहे म्हणाली, जवळच, तळमजल्यावर आहे. मी बरं म्हटलं. एरवी मी असल्या वेळी दोन-चार वाक्यं तरी बोलतो.

७ मार्च

आज तिच्या तुकडीचं संचलन. मोबाईलवर थेट दिसणार होतं. गेल्या पाडव्याला मी ठरवलं होतं की आपण तिघं चेन्नईला जाऊन बघायचं, हिच्यासाठी नारायणपेठ साडीही बघून ठेवली होती.

सकाळी अक्षू आणि ही स्वयंपाकघरात बसल्या, फोन डब्याला टेकवून ठेवला आणि दार लावून घेतलं. कडी नव्हती लावली. मी गॅलरीत खुर्ची टाकून पेपर घेऊन बसलो. दारातून बँड ऐकू येत होता. मग हुकूम. तो ताल असा आहे की बसलेल्या माणसाचे पाय आपोआप जुळतात. माझे जुळले. मी ते परत लांब केले.

मध्येच हिने दार किलकिलं केलं. म्हणाली, ‘येताय?’ आत अक्षूची पाठ दिसत होती, तिने मागे वळून बघितलं नाही. मी म्हटलं, नको, तुम्ही बघा. ही क्षणभर थांबली, मग दार लोटलं. पुन्हा बँड. नंतर बराच वेळ काहीच नाही. कोणीतरी नाक शिंकरलं. ती कोण ते कळलं नाही.

दुपारी सगळं आवरल्यावर अक्षू काठी टेकत बाहेर आली आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली, उजवा पाय लांब करून. दीपिकाचा फोन येऊन गेला म्हणाली. दीपिकाला तोफखाना मिळाला. ती फोनवर रडत होती. तिला वाटतंय की तिने अक्षूची जागा घेतली.

‘मग तू काय म्हणालीस?’

‘म्हटलं, वेडी आहेस का? तुझी तुला मिळाली.’

खाली पोरं टेनिस बॉलने क्रिकेट खेळत होती. मला बोलायचं होतं, की पुढच्या वर्षी अजून मुली जातील, पायदळही कधीतरी उघडेल, हे वाया जात नाही. असं बरंच काही. ती मांडीवर खुब्याच्या जवळ मुठीने हळूहळू दाबत होती. हे ती करताना मी आधीही पाहिलंय. किती वेळा, सांगता येणार नाही.

मी विचारलं, ‘दुखतंय?’

तिने माझ्याकडे बघितलं.

‘हो,’ म्हणाली. ‘खूप.’

मग मी काही बोललो नाही. तीही उठून गेली नाही. चहाची वेळ होईपर्यंत आम्ही तसेच बसलो.